तुम्ही काहीच करत नसता तेव्हा मेंदू काय करतो? भरत बिस्वाल यांनी ‘नॉइज’मध्ये शोधलेलं उत्तर

डोळे मिटून शांत पडून राहिलं, तर मेंदूही आराम करतो का?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मेंदूचं स्कॅनिंग करणाऱ्या बहुतेक शास्त्रज्ञांना या प्रश्नात फारसा रस नव्हता. बोट हलवताना किंवा चित्र पाहताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो, याचा शोध सुरू होता. मधल्या विश्रांतीचा डेटा फक्त तुलनेसाठी वापरला जायचा.

भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल यांनी नेमका हाच डेटा बारकाईने पाहिला. त्यातून मेंदूविज्ञानाची एक नवी शाखा उभी राहिली.

स्कॅनमध्ये नेमकं काय दिसतं?

हे संशोधन एफएमआरआय तंत्रावर आधारलेलं आहे. मेंदूचा एखादा भाग सक्रिय झाला की तिथे ऑक्सिजनयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो. ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. हा फरक मशीन टिपतं. म्हणजे एफएमआरआय मेंदूतले विचार वाचत नाही, तर रक्तातल्या बदलांवरून पेशींच्या हालचालींचा अंदाज बांधतं.

१९९५ चा तो पेपर

बिस्वाल तेव्हा अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये जेम्स हाइड यांच्या प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थी होते. स्कॅनच्या सिग्नलमध्ये श्वास आणि हृदयाच्या ठोक्यांमुळे बराच ‘नॉइज’ म्हणजे अनावश्यक गोंधळ मिसळतो. तो ओळखून बाजूला काढण्याचा प्रयत्न सुरू होता.

या प्रयोगात ११ जण सहभागी झाले. आधी त्यांना बोटं हलवायला सांगून मेंदूतला हालचालींचा भाग, म्हणजे मोटर कॉर्टेक्स, निश्चित केला गेला. मग त्यांना काहीही न करता पडून राहायला सांगितलं.

तरीही सिग्नल सपाट झाला नाही. त्यात अतिशय संथ लाटा होत्या. एक लाट पूर्ण व्हायला १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत होता. विशेष म्हणजे डाव्या आणि उजव्या मोटर कॉर्टेक्समधल्या लाटा एकाच तालात वर-खाली होत होत्या.

याला ‘फंक्शनल कनेक्टिव्हिटी’ म्हणतात. समजा, चाळीतल्या दोन टोकांच्या खोल्यांमधले दिवे रोज एकाच वेळी लागतात आणि विझतात. दोन्ही खोल्यांना जोडणारी वायर तुम्ही पाहिलेली नाही, पण त्यांचा काहीतरी संबंध असणार असं तुम्ही म्हणाल. हेही तसंच आहे.

शंका का घेतली गेली?

या लाटा श्वासाच्या किंवा हृदयाच्या ठोक्यांच्याच नसतील कशावरून, असा प्रश्न विचारला गेला. तो रास्तच होता. स्कॅन सावकाश घेतले, तर वेगवान ठोकेही डेटामध्ये संथ लाटांसारखे दिसू शकतात. म्हणूनच बिस्वाल यांच्या टीमने दर पाव सेकंदाला एक प्रतिमा घेतली होती, जेणेकरून श्वास आणि ठोके वेगळे ओळखता येतील.

तरीही हे संशोधन मुख्य प्रवाहात यायला काही वर्षं गेली. २००१ मध्ये मार्कस रायक्ले यांच्या टीमने ‘डिफॉल्ट मोड’ची संकल्पना मांडली. विश्रांतीच्या वेळी जास्त सक्रिय असणारे मेंदूचे काही भाग त्यांनी दाखवले. २००३ मध्ये मायकेल ग्रायशियस आणि सहकाऱ्यांनी हेच भाग विश्रांतीतही एका तालात चालतात हे दाखवलं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के असतं, पण तो सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. यातली बहुतेक ऊर्जा अशा आतल्या कामावरच खर्च होते.

१,४१४ मेंदूंचा खुला डेटा

२०१० मध्ये बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी ३५ केंद्रांमधल्या १,४१४ लोकांच्या स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या मशीनवर घेतलेल्या स्कॅनमध्येही मूळ रचना सारखीच दिसली. ‘१००० फंक्शनल कनेक्टोम्स प्रोजेक्ट’च्या माध्यमातून हा डेटा जगभरातल्या संशोधकांसाठी खुला करण्यात आला. त्यामुळे स्वतःचं महागडं मशीन नसलेल्यांनाही संशोधनाची वाट मिळाली. बिस्वाल पुढे न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक झाले.

रुग्णांना याचा काय फायदा?

या स्कॅनमध्ये रुग्णाला काहीच करावं लागत नाही. त्यामुळे लहान मुलं, बेशुद्ध रुग्ण किंवा सूचना न समजणारे रुग्ण यांचाही अभ्यास करता येतो. अल्झायमर, स्किझोफ्रेनिया, नैराश्य यांवरच्या संशोधनात ही पद्धत वापरली जाते. मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी महत्त्वाचे भाग ओळखण्यासाठीही काही ठिकाणी तिची मदत घेतली जाते.

पण तिला मर्यादाही आहेत. डोकं किंचित हललं तरी खोटी कनेक्टिव्हिटी दिसू शकते, हे २०१२ मधल्या अभ्यासांनी दाखवून दिलं. शिवाय दोन भाग एका तालात चालतात म्हणजे एक दुसऱ्याला चालवतो, असं सिद्ध होत नाही.

निष्कर्ष सहसा लोकांच्या गटांची तुलना करून काढलेले असतात. एका व्यक्तीचा असा स्कॅन पाहून नैराश्याचं खात्रीशीर निदान अजून करता येत नाही. त्यामुळे ‘एका स्कॅनमध्ये तुमचं मन ओळखा’ असा दावा करणारी पोस्ट दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी हे लक्षात ठेवा.