माटवीवरच्या पाच बॉबिनी : रेडीच्या एका घराच्या सजावटीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय.

आजचा भाग माझ्या गावाचा. वेंगुर्ला तालुक्यातलं रेडी. इतिहासाच्या पॉडकास्टवर रेडी म्हटलं की तुम्हाला वाटेल, आता हा यशवंतगडावर जाणार. किंवा इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखातलं, चालुक्य राजा मंगलेशाने जिंकलेलं रेवतीद्वीप म्हणजेच आपलं रेडी, इथून सुरुवात करणार. ते सगळं आहेच, त्यावर वेगळा भाग करू. आज मला बोलायचंय ते आमच्या घरातल्या एका लाकडी चौकटीबद्दल. घर सजवायची आयडिया नेमकी येते कुठून, या प्रश्नाचं मला मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर त्या चौकटीला बांधलेलं होतं. आणि मी ते जाळायला काढलं होतं.

झालं असं. मागच्या चतुर्थीला सजावटीचं काम मी अंगावर घेतलं. दोन आठवडे फोनवर फोटो बघत होतो. सोनेरी रिंग, खोटी पानं, पांढरा पडदा, मागे एलईडीची माळ. सगळं ऑनलाइन मागवलं आणि डोंबिवलीहून रेडीला घेऊन गेलो. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, भिंतीला मातीचा गिलावा. भाद्रपदातला पाऊस, भिंतीला ओल. चिकटपट्टी काही धरेना. पहिल्या रात्री कसंबसं टिकलं, दुसऱ्या रात्री आरती चालू असताना रिंग पानांसकट खाली आली. गणपतीला धक्का लागला नाही एवढंच. कोणी हसलं नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सकाळी मी काहीतरी टेकू शोधायला माळ्यावर चढलो. तिथे धुळीत एक चौकोनी चौकट पडली होती, आडव्याउभ्या पट्ट्या मारलेली. तिला सुंभाने बांधलेल्या पाच लाकडी नळ्या लोंबत होत्या. वाटलं, भंगार आहे. बंबात घालायला खाली आणली. आजी ओटीवर बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, पण नळ्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज तिने ओळखला.

"ती माटवी खंय नेतंस रे?"

माटवी म्हणजे काय?

ज्यांचं गाव तळकोकणात नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालवणीत मांडवाला म्हणतात माटव. गणपतीच्या डोक्यावर छताला जो छोटा मांडव टांगतात ती माटवी. चौकट बांबूची, पोफळीची किंवा लाकडाची. तिला आधी आंब्याचे टाळ बांधायचे, मग फळं-फुलं. शेंडीसकट नारळ, सुपारीचे घोस, केळी, तवसं, चिबूड, पडवळ, भाताच्या लोंब्या. हे झालं परड्यातलं आणि शेतातलं. मग रानातलं : पांढऱ्या पानांचं शेरवड, तेरडा, कळलावीची फुलं आणि लालभडक कवंडाळ. कवंडाळ खायचं नसतं, पण ते नसेल तर आमच्याकडे माटवी पुरी झाली असं कोणी म्हणत नाही. बांधायला दोरसुद्धा रानातला, मुरुडशेंगेच्या सालीचा.

म्हणजे बघा, यात निवडीचा भाग कमीच. भाद्रपदात आपल्या आसपास जे पिकलंय, फुललंय तेच वर चढणार. कोकणातलं घर पूर्वी एरवीही असंच सजायचं. जमीन शेणाने सारवलेली, भिंत त्याच गावच्या मातीची. गोव्यात आणि तळकोकणात जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रं दिसतात. तो लाल रंग म्हणजे काव, इथल्या तांबड्या मातीतला. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर काव चढवायची आणि मग ती खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, की झालं चित्र. रंग पायाखालचाच. आमच्या घरी एवढी कारागिरी नव्हती, पण गणपतीमागची भिंत दरवर्षी नव्याने लाल व्हायची आणि तिच्यावर चुन्याने वेल निघायची. ते काम आजोबांचं.

खाडीपलीकडची माटोळी

आजी मात्र कधीकधी माटवी न म्हणता माटोळी म्हणते. कारण तिचं माहेर पेडण्याचं, तेरेखोल खाडीच्या पलीकडचं.

इथे थोडा इतिहास लागतो. पेडणं आधी सावंतवाडीकर भोसल्यांकडे होतं. १७८८ मध्ये ते पोर्तुगीजांकडे गेलं. पुढे १८१९ मध्ये इंग्रजांनी रेडीचा गड घेतला, सावंतवाडी संस्थान इंग्रजांच्या छायेखाली आलं. खाडीच्या आसपास दोन परकी सत्ता समोरासमोर. १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत आजीच्या माहेरचं गाव आणि सासरचं गाव वेगवेगळ्या देशांच्या ताब्यात होतं. पण त्या पावणेदोनशे वर्षांत गणपतीच्या डोक्यावर टांगायचं काय, यात फरक पडला नाही. तीच चौकट, तेच कवंडाळ, तोच नारळ. रान दोन्हीकडे एकच होतं आणि सोयरीक पण. आज गोव्यात सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेतं, लोक शेकडो प्रकारची रानफळं शोधून आणतात. आमच्याकडे ते घरगुतीच राहिलं.

आजी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या चतुर्थीला माहेरहून सुपारीचा घोस आला होता. मग दरवर्षी येत राहिला. नारळ शेजारच्या घरातला, कारण त्यांच्या माडाचा मान होता. कवंडाळ आजोबांच्या धाकट्या भावाने आणायचं. आजीला माटवीवरची वस्तू विचारली की ती आधी माणसाचं नाव सांगते, मग फळाचं.

बॉबिनी कुठून आल्या?

आजोबा चाकरमानी. परळच्या एका गिरणीत, सूत काढण्याच्या खात्यात. वर्षभर मुंबई आणि चतुर्थीला गाव. येताना ट्रंकेत रंगीत कागद, झिरमिळ्या, पताका. आज आपण म्हणतो ना, पूर्वी सगळं नैसर्गिक होतं? तसं नव्हतं हो. गिरणगावातल्या माणसाने कोकणातल्या माटवीला कधीच झिरमिळ्या लावल्या होत्या. कमाई मुंबईची, तर मुंबईचं काहीतरी देवाला दिसायला नको?

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. महिने जात राहिले आणि खोलीत निभेना तसे कित्येक जण गावी परतले. आजोबाही आले. त्या वर्षी ट्रंकेत झिरमिळ्या नव्हत्या. कधीतरी घरी आणलेल्या, कडेला चिरलेल्या पाच रिकाम्या बॉबिनी होत्या. मुलांना खेळायला म्हणून आणलेल्या.

आजी म्हणाली, "त्या वर्सा ह्यांच्याकडे दुसरा काय नाय होता. गणपतीक हात हालवत कसे जातले? म्हणून त्यांनी ती बांधल्यानी."

शेजारचे बघायला आले. कोणी काही बोललं नाही, म्हणे. गावात त्या वर्षी बऱ्याच घरांत परत आलेला माणूस होता. पुढे आजोबा गावातच राहिले, मोलमजुरी केली, काही वर्षं खाणीवर गेले. रेडी खनिजाचं गाव. इथला प्रसिद्ध द्विभुज गणपतीसुद्धा एप्रिल १९७६ मध्ये खाणीच्या जागेतच सापडला. पुन्हा चार पैसे आले, झिरमिळ्याही आल्या. पण बॉबिनी काढल्या नाहीत. आजोबा होते तोवर दरवर्षी नारळाच्या शेजारी त्या पाच नळ्या असायच्या. मी लहानपणी त्या पाहिल्या असणार. मला अजिबात आठवत नाहीत.

डोंबिवलीची खिडकी

ही गोष्ट ऐकताना मला बाबांची आठवण झाली. आमच्या डोंबिवलीच्या घरात छताला पंख्याच्या हुकाशिवाय काही नाही. बाबांनी तिथे खिडकीच्या जाळीला सावंतवाडीची लाकडी फळं टांगली होती. सावंतवाडीची चितारआळी या कामासाठी नावाजलेली. पांगाऱ्याचं हलकं लाकूड कोरून, रंगवून केलेली केळी, आंबे, वांगी. मला ती फळं लहान मुलांची खेळणी वाटायची, जरा लाजही वाटायची. ती बाबांची माटवी होती हे मला कळायला तिसावं वर्ष उजाडलं. विचारलं तर म्हणाले, "दुसरं काय करणार? डोंबिवलीत कवंडाळ कोण देतंय?"

आता कवंडाळ मिळतं, तसं. चतुर्थीच्या आधी सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या बाजारात माटवीचं सामान जुड्या बांधून विकायला असतं. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, त्यानंतर पुन्हा पानाफुलांकडे वळलेली घरंही मी पाहिली. चांगलंच आहे. फक्त जुडी विकत घेताना ते फळ कुठे उगवतं, कधी तोडायचं, किती वेलीवर ठेवायचं, हे कोणी सोबत देत नाही. मी चुलत आजोबांबरोबर त्यांच्या जुन्या जागी कवंडाळ शोधायला गेलो. डोंगराचा तो उतार खाणीत गेलाय. ते काही वेळ तिथे उभे राहिले, मग म्हणाले, चल. शेवटी एका शेजाऱ्याच्या कुंपणावर एक मिळालं. एकच.

त्या दिवशी दुपारी आम्ही माटवी पुसली आणि टांगली. बॉबिनी होत्या तिथेच. बाजारातली जुडी, शेजाऱ्याचं कवंडाळ, परड्यातलं तवसं. माझी एलईडीची माळसुद्धा चौकटीवरून फिरवली, आजीला उजेड थोडा जाणवतो म्हणून. ती म्हणाली, "लाईट बरी आसा. पण ह्यात तुया काय?"

मला उत्तर सुचलं नाही. माळ मी विकत आणली होती, एवढंच. मग मी जे काम करतो तेच केलं. मोबाइल तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, माटवीला काय काय बांधायचे, सगळं सांग. तिने तेवीस नावं सांगितली. प्रत्येकाबरोबर कोण आणायचं तेही. त्यातली नऊ मला माहीत होती. चुलत आजोबांनी आणखी सहा ओळखली. उरलेली आठ आता फक्त आजीला दिसतात, आणि तिला दिसत नाही.

तर मंडळी, घर सजवायचं असेल तर जरूर फोनवर फोटो बघा, मीही बघतो. पण त्याआधी एकदा माळ्यावर चढा. काही विचित्र बांधलेलं दिसलं तर सोडवू नका, आधी विचारा. विचारायला माणूस असेल तोवर. आणि त्या आठांपैकी एखादं तुमच्या घरी बांधत असतील, तर मला आवाज पाठवा. नावांची यादी या भागाच्या शेवटी आजीच्याच आवाजात जोडली आहे. ती शेवटपर्यंत ऐका, मध्ये कोंबडा ओरडतो तरी.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.