देवाचा दरबार : रेव्ह. ना. वा. टिळकांचा ख्रिस्ती बंधुसंघ

प्रस्तावना : एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बाप्तिस्मा घेणारा बहुधा जात व आप्तेष्ट यांना दुरावत असे. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंशीही त्यांची काही वर्षे ताटातूट झाली.

विवेचन : १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात समान स्थान होते. चर्चचे सभासदत्व नव्हे, तर ख्रिस्तभक्ती हाच येथे बंधुत्वाचा निकष होता. वारकरी परंपरेतील अभंग, भजन व कीर्तन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत आधीच रुजविले होते.

निष्कर्ष : १९१९ मध्ये टिळक निवर्तले व दरबार फार काळ टिकला नाही. तथापि, स्वकीयांना न दुरावता ख्रिस्तशिष्य होता येईल काय, हा त्याने उपस्थित केलेला प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात मोलाचा ठरतो.