परतीचा परवाना

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत राहणाऱ्यांस वाहतूक पास म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. सागाचे लाकूड असो की बांबू, पासाशिवाय ते नाक्यापलीकडे जात नाही. हे पासबुक वनखात्याऐवजी ग्रामसभेच्या हाती असावे, हा मेंढा (लेखा) गावाचा आग्रह होता. आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते ग्रामसभेस मिळाले. माल बाहेर न्यायचा तर कागद हवा, ही रीत आम्हां नागभीडकरांच्या अंगवळणी पडलेली आहे. परदेशी नोकरीस गेलेल्या माणसाचा हिशेब मात्र उलटा असतो. त्या देशातून बाहेर पडताना त्यास बहुधा कोणी अडवीत नाही. पुन्हा आत येण्याची तजवीज मात्र निघण्यापूर्वीच करावी लागते. (सौदी अरबस्तानात बाहेर जाणे आणि परत येणे हे दोन्ही एकाच परवान्यात बांधलेले आहे, आणि तो दीर्घकाळ कफिलाच्या, म्हणजे मालकाच्या, संमतीवर अवलंबून होता. कोकणातील घराघरांत त्याच्या कहाण्या ऐकावयास मिळतील.)

या परतीच्या कागदाचा इतिहास फार जुना नाही, पण तो बोलका आहे. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांस दार बंद केले, तेव्हा आधीपासून तेथे राबणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरलाच. त्यांनी गावी जाऊन यावे, मात्र निघताना बंदरातील जकात अधिकाऱ्याकडून दाखला घ्यावा, अशी सोय करण्यात आली. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे बारा वर्षे काम केलेला चाय चान पिंग हा मजूर १८८७ च्या जूनमध्ये असा दाखला घेऊन चीनला गेला. पुढल्या वर्षी सप्टेंबरात तो हाँगकाँगहून परतीच्या जहाजावर चढला. जहाज समुद्रात असतानाच, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, नवा कायदा झाला आणि असे सारे दाखले एका फटक्यात रद्द झाले. त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. आठवड्याभराने जहाज बंदरास लागले. पिंगच्या हातात सरकारनेच दिलेला कागद होता, तरी त्यास उतरू दिले नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८८९ साली न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी निकाल दिला, त्याचे तात्पर्य असे की, परकीयास आत घेणे हा सार्वभौम सत्तेचा अधिकार आहे, आणि परतीची दिलेली अनुमती ती सत्ता वाटेल तेव्हा मागे घेऊ शकते. दाखला म्हणजे वचन, अशी पिंगची समजूत होती. न्यायालयाच्या लेखी ती केवळ मर्जी होती. आमच्या मते परतीच्या प्रत्येक परवान्यावर हा निकाल आजही अदृश्य शाईने लिहिलेला असतो.

हिंदी माणसाच्या वाट्यास हे थोड्या निराळ्या रूपाने आले. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी लोक नागरिकत्वास अपात्र ठरले आणि ज्यांस ते आधी मिळाले होते, त्यांचेही काढून घेण्याचे सत्र सुरू झाले. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालविणारे वैष्णो दास बगाई त्यांत सापडले. मायदेशी भेटीस जाण्यासाठी त्यांनी अमेरिकेकडे पासपोर्ट मागितला, तर ब्रिटिश पासपोर्टावर जा, असे त्यांस सांगण्यात आले. ज्या राजवटीस कंटाळून त्यांनी देश सोडला होता, तिचेच प्रजाजन म्हणून जाणे त्यांच्या मनास पटेना. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. कागदाच्या या व्यवहारास क्षुल्लक कारकुनी समजणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

आणि आमच्या विदर्भाचे पांडुरंग खानखोजे! वर्ध्याचा हा मनुष्य गदर चळवळीत वावरला आणि १९२४ मध्ये मेक्सिकोस पोहोचून चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाला. तेथे त्यांनी मक्यावर संशोधन केले. दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांस भाकरीच्या पंगतीत बसविले. देश स्वतंत्र झाला तेव्हा साहजिकच त्यांस परतावेसे वाटले. पण त्यांचा व्हिसाचा अर्ज फेटाळला गेला, कारण ब्रिटिशांनी घातलेली बंदी कागदोपत्री तशीच होती. राज्य गेले, यादी राहिली. पुढे ती बंदी उठली, ते नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ साली निवर्तले. वीणा गवाणकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र मराठीत आहे. विद्यार्थ्यांनी ते या अंगानेही वाचावे.

आजचा मराठी संगणक अभियंता क्रांतिकारक नाही, पण त्याच दारात तो उभा आहे. अमेरिकेत राहण्याचा हक्क आणि दारातून आत येण्याचा व्हिसा या तेथील कायद्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. पासपोर्टावरील व्हिसाची मुदत संपली, तरी तो तेथे कायदेशीरपणे नोकरी करीत राहू शकतो. मात्र घरी आला की नवा शिक्का घेतल्याशिवाय परतीचा मार्ग नाही. पूर्वी हा शिक्का पासपोर्ट टपालाने परराष्ट्र खात्याकडे पाठवून तिथल्या तिथे मिळे. बोटांचे ठसे सक्तीचे झाले आणि जुलै २००४ मध्ये ती सोय बंद पडली. तेव्हापासून सुटी मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीच्या तारखेभोवती आखावी लागते. कायम वास्तव्याचा अर्ज केलेल्या कित्येकांस तर निघण्यापूर्वी 'ॲडव्हान्स पॅरोल' घ्यावा लागतो. न घेता गेल्यास अर्ज सोडून दिला, असे मानले जाते. पॅरोल हा शब्द आमच्याकडे तुरुंगातून सुटीवर आलेल्या कैद्यासाठी वापरतात. हा योगायोग म्हणून सोडून देणे आम्हांस कठीण जाते, कारण या कागदावर आत आलेला माणूस देहाने आत असूनही कायद्याच्या दृष्टीने 'प्रवेश दिलेला' नसतोच.

सप्टेंबर २०२५ मध्ये पिंगच्या जहाजाची आठवण व्हावी असा प्रसंग घडला. १९ तारखेस एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि दोन दिवसांत ती लागू व्हावयाची होती. भारतात सुटीवर आलेल्यांनी मिळेल त्या भावाने परतीची तिकिटे काढली. सॅन फ्रान्सिस्कोहून निघण्याच्या बेतात असलेल्या विमानातून प्रवासी उतरून गेल्याच्या बातम्या आल्या. हे शुल्क नव्या अर्जांपुरतेच आहे, असा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. त्यानंतर डिसेंबरात समाजमाध्यमांच्या तपासणीचे कारण देऊन शिक्क्याच्या मुलाखती मार्च २०२६ पर्यंत आणि त्याहीपुढे ढकलण्यात आल्या, आणि महिनाभराच्या रजेवर आलेले लोक इकडेच अडकले.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटके होतात, लेकी-जावई, पुण्या-मुंबईकडचे पोर सारे येतात. अमेरिकेतला मात्र आधी तारीख पाहतो. मंडई पुढच्या वर्षीही असते. घरात मृत्यू झाला तर तेरवी तेराव्या दिवशीच असते, आणि परतीच्या शिक्क्याची खात्री नसल्यामुळे तिला न आलेली मुले आता आमच्या तालुक्याच्या गावांनाही ठाऊक झाली आहेत.