बालकांच्या रेघोट्या (जव्हार-मोखाडा)

साधारण एक ते चार वर्षांच्या मुलाने जमीन, भिंत, पाटी किंवा कागदावर उमटवलेले ठिपके, फरकाटे व गोल. चित्र आणि अक्षर या दोहोंच्या आधीची ही अवस्था. पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) जव्हार व मोखाडा या आदिवासी तालुक्यांत तिचे मोल आधी घरच्यांना पटावे लागते. कारण अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असते. त्याआधीचे मूल आई, आजी नाहीतर मोठ्या बहिणीपाशीच वाढते.

वर्षा-सव्वा वर्षाचे मूल सांडलेल्या पेजेत बोट फिरवते, रेघ उमटलेली पाहते आणि पुन्हा फिरवते. आपल्या हालचालीची खूण मागे राहते, हा शोध त्याला तिथे लागतो. सुरुवातीला हात खांद्यातून हलतो. खडू मुठीत धरलेला असतो आणि रेघा लांब, झपाट्याच्या येतात. हळूहळू कोपर, मनगट, बोटे कामाला लागतात. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास गरगर फिरणाऱ्या रेघा दिसतात आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास दोन्ही टोके जुळलेला बंद गोल. मग त्या गोलाला डोळे येतात, गोलालाच थेट पाय फुटतात आणि मूल सांगते, ‘ही आई’. व, ब, क या अक्षरांना लागणारा गोल आणि उभी रेघ मुलाच्या हाताला अशी आधीच सापडलेली असते. अमेरिकन बालशिक्षणतज्ज्ञ ऱ्होडा केलॉग यांनी अनेक देशांतील मुलांची चित्रे जमवून मुलांच्या रेघोट्यांचे वीस मूलभूत प्रकार नोंदवले (१९६९).

घरात मात्र ‘पाटी खराब केली’ असे ऐकू येते आणि अंगणवाडी सेविकेला ‘अ-आ कधी शिकवणार?’ असे विचारले जाते. या प्रश्नाला हसू नये. ज्यांची स्वतःची शाळा अर्ध्यावर सुटली, त्यांना अक्षराची ओढ असणारच. त्यात दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. अशा घरात मुलाचा कागद जपून ठेवायला जागा कुठली?

तरीही भिंतीवरच्या रेघेला अर्थ असतो हे इथल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. वारली लग्नात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. पालकांशी बोलणे इथून सुरू करता येते. मात्र दोन वर्षांच्या मुलाकडून त्रिकोणी माणसे काढून घेणे ही अक्षरे गिरवून घेण्याइतकीच चूक आहे. वारली चित्र ही मोठ्यांची, परंपरेने घडलेली कला. मुलाच्या रेघोटीचा क्रम तिचा स्वतःचा आहे.

पालकांपुढे भाषण करून फारसे साधत नाही, दाखवावे लागते. एकाच मुलाचे दोन-तीन महिन्यांच्या अंतराने काढलेले कागद शेजारी ठेवले की फरक आईलाच दिसतो. ‘हे काय काढलंस?’ असे दरडावून विचारण्यापेक्षा ‘केवढी लांब रेघ!’ असे दिसते ते बोलावे आणि मूल स्वतःहून जे नाव देईल ते त्याच्याच बोलीत, वारली, कोकणा, ठाकरी, जी असेल तीत कागदावर टिपावे. साहित्य विकत आणायची गरज नाही. ओली माती व काडी, शेणाने सारवलेले अंगण, पाण्यात भिजवलेला गेरू पुरतो. खडू-कोळशाचा लहान तुकडा मात्र मूल तोंडात घालते, तेव्हा जवळ मोठे माणूस हवे.

या कामाला जिल्ह्यातच भक्कम पूर्वपीठिका आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे प्रयोग केले. मुले बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली आणि खडे, बिया, शिंपले यांतून साधने घडवली. वाडा तालुक्यातील सोनाळे येथील ‘क्वेस्ट’ ही संस्था आज अंगणवाडी सेविकांसोबत बालशिक्षणाचे काम करते.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनंतर या भागातील मूल राज्याला प्रामुख्याने वजनाच्या आकड्यातून दिसू लागले. तो आकडा अत्यावश्यक आहे. भुकेल्या मुलाच्या हाती खडू देऊन भागत नाही. पण वजन-उंची घेण्याच्या दिवशी आई समोरच असते. त्याच दिवशी मुलाच्या हातचा एक कागद तारीख घालून अंगणवाडीत ठेवावा आणि पुढच्या महिन्यात वजनाबरोबर तोही आईला दाखवावा, एवढे प्रत्येक सेविकेने व पर्यवेक्षिकेने सुरू करावे.