सेंट काजेतान चर्च

जुने गोवे येथील घुमटयुक्त कॅथलिक चर्च. हे मांडवी नदीच्या दक्षिण तीराजवळ असून त्याच्या निकट आदिलशाही वाड्याचे अवशिष्ट द्वार उभे आहे. इटलीत १५२४ मध्ये स्थापन झालेल्या थिएटिन संघाच्या धर्मगुरूंना पोप आठवा अर्बन याने गोवळकोंड्यास पाठविले होते. तेथे थारा न मिळाल्याने ते १६४० मध्ये गोव्यात स्थिरावले व पुढे १६५५–६१ च्या सुमारास त्यांनी हे चर्च उभारले. ते दैवी कृपेच्या मातेस अर्पण केलेले असले, तरी संघसंस्थापक काजेतान (१४८०–१५४७) यांच्या नावानेच प्रसिद्ध आहे.

जांभा दगडात बांधलेल्या या वास्तूस चुन्याचा गिलावा आहे. दर्शनी भागातील भव्य कॉरिंथियन स्तंभ व त्यांवरील त्रिकोणी शीर्ष यांची योजना रोमच्या सेंट पीटर चर्चवरून केलेली आहे. दोन्ही बाजूंस घंटामनोरे आहेत. बाह्याकार आयताकृती असला, तरी अंतर्भागाचा विन्यास समभुज क्रूसाचा आहे. मध्यभागी चार भक्कम स्तंभांवर कमानी असून त्यांवर वर्तुळाकार भिंत व अर्धगोल घुमट तोललेला आहे. वेद्यांवरील सोनेरी मुलाम्याचे कोरीव लाकूडकाम बरोक शैलीतील आहे. घुमटाखालील चौथऱ्याखाली विहीर आहे. त्यावरून येथे पूर्वी मंदिर असावे, असा तर्क काहींनी केला आहे. तथापि केवळ विहिरीवरून तसा निष्कर्ष काढता येत नाही.

पौर्वात्य देशांतील धर्मकार्यावर पोर्तुगालचा राजा आपला विशेषाधिकार सांगत असे, तर थिएटिन धर्मगुरू थेट रोमहून आलेले होते. गोव्यातील बहुतेक चर्चवास्तूंत पोर्तुगीज पद्धतीचा लांबट सभामंडप आढळतो, घुमट नसतो. त्यामुळे पोर्तुगीज राजधानीत उभी राहिलेली ही रोमन धाटणीची वास्तू त्या संघर्षाच्या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. याच सुमारास विजापुरात गोलघुमटाचे काम पूर्णत्वास जात होते. अशा रीतीने दख्खनच्या शासकांचा आणि रोमच्या धर्मसंघाचा, असे भिन्न परंपरांतील दोन घुमट जवळजवळ एकाच काळात साकारले.

अठराव्या शतकात थिएटिन संघात गोमंतकीयांनाही प्रवेश मिळाला. रोगराईमुळे जुने गोवे ओस पडत गेले, व्हाइसरॉयचे निवासस्थान १७५९ मध्ये पणजीस हलले आणि १८३५ मध्ये गोव्यातील धर्मसंघ विसर्जित झाले. अनेक मठ व चर्च कोसळले. ही वास्तू मात्र टिकून राहिली. तिचा अंतर्भाव असलेल्या गोव्यातील चर्च व मठ या समूहास युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.