रांधवणहाट ते चिखलदरा

चिखलदऱ्यास निघालेल्या माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात : पाहावे काय आणि खावे कुठे. पहिल्याची उत्तरे प्रवासपुस्तिकांतून मिळतात. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, गाविलगड ही नावे पाठ व्हावीत इतक्या वेळा छापली गेली आहेत. दुसऱ्याचे उत्तर दोन-चार उपाहारगृहांची नावे सांगून दिले जाते, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते. उघड्यावर रांधून विकल्या जाणाऱ्या अन्नाला अमरावती जिल्ह्यात फार जुना इतिहास आहे; इतका जुना, की तो इतिहास आणि मराठी गद्याचा आरंभ एकाच बाजारात भेटतात. त्या बाजाराकडे पाहिल्यावाचून चिखलदऱ्याच्या हातगाड्यांविषयी काही म्हणणे मला अपुरे वाटते.

तो बाजार रिद्धपूरचा. डोंगराखालच्या सपाटीवरचे, मोर्शी तालुक्यातले हे गाव साहित्याच्या विद्यार्थ्यांना महानुभावांचे ऋद्धिपूर म्हणून ठाऊक असते. मराठी भाषा विद्यापीठ तिथे स्थापन झाल्यापासून ते वर्तमानपत्रांनाही ठाऊक झाले आहे. तेराव्या शतकात गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, या गावात राहत. गुजरातेतील प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेस म्हणून घरून निघाला, वाटेत ऋद्धिपुरास थांबला आणि तिथे त्याला गोविंदप्रभू दिसले. कुठे दिसले? मंदिरात नव्हे, मठात नव्हे, रांधवणहाटात. शेंगुळे खात असलेल्या त्या वेड्यागबाळ्या दिसणाऱ्या पुरुषाने आपल्या हातातल्या खाद्याचा अंश या परदेशी यात्रेकरूला प्रसाद म्हणून दिला, आणि त्यातून हरिपाळदेव चक्रधर झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. या प्रसंगाला ते शक्तिस्वीकार म्हणतात. चक्रधरांच्या आठवणींतून तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीतल्या आद्य गद्यग्रंथाच्या नायकाचा अधिकार असा खाण्याच्या दुकानांपुढे जन्माला आला आहे. आपण वर्गात हा प्रसंग शिकवतो तेव्हा ‘शक्ती’ या शब्दावर बराच वेळ थांबतो आणि ‘हाट’ या शब्दावरून घाईने पुढे जातो.

रांधवणहाट म्हणजे रांधलेल्या अन्नाचा बाजार. शब्द इतका उघड आहे की त्याला टीपेची गरज नाही. रांधणे हे क्रियापद प्रमाण मराठीने आता जवळजवळ टाकून दिले आहे. ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ या वाक्प्रचारापुरते ते उरले, आणि तिथेही ते बाईच्या घरातल्या कष्टाशी बांधलेले आहे. तेराव्या शतकातल्या वऱ्हाडात मात्र ते क्रियापद घराबाहेर, बाजारात उभे होते. यादवकाळातल्या एका गावात धान्याचा किंवा कापडाचा असावा तसा तयार अन्नाचाही वेगळा हाट असावा आणि त्याला स्वतःचे नाव असावे, ही लहान गोष्ट नाही. तयार अन्न विकत घेणारा माणूस असल्याशिवाय असा हाट वसत नाही. यात्रेकरू, वाटसरू, व्यापाऱ्याचा गडी, मागे चूल नसलेला एकटा पुरुष, अशी माणसे त्या गावात रोज येत-जात असली पाहिजेत. हरिपाळदेव स्वतः त्यांतलाच एक होता.

दुसरी गोष्ट हाताची. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये, यावर आपली जातिव्यवस्था शतकानुशतके तोलून धरलेली होती. भाजलेले फुटाणे, तुपात किंवा तेलात तळलेले पदार्थ यांना नियम सैल असत. पाण्यात शिजलेल्या भाताला आणि भाकरीला ते कडक असत. बाजारातले खाणे आजही मोठ्या प्रमाणात तळलेले किंवा भाजलेले का असते, याचे एक कारण सोय हे आहे आणि दुसरे, माझ्या मते, हा विधिनिषेध. गोविंदप्रभूंचे चरित्र वाचताना हे फार जाणवते. ते बाजारात हिंडतात, दुकानातले खाद्य सहज उचलतात, कोणाच्याही घरात शिरतात, मांग-महारांच्या वस्तीत जातात. आणि मग गावातले ब्राह्मण कुरकुरतात की हे तिकडे जाऊन पुन्हा आमच्या घरी येतात. या कुरकुरीत सारा प्रश्न आला. हाटात पैसा टाकणाऱ्याला जात विचारणे विक्रेत्याला परवडत नाही, घरात मात्र ती विचारली जाते. राऊळांनी हाटाचा नियम घराला लावला, म्हणून गावाला ते वेडे वाटले.

आता सपाटी सोडून डोंगर चढू. अमरावतीहून परतवाड्यास येऊन घाट सुरू झाला की हवा आणि झाडे बदलतात, आणि सुमारे ११०० मीटर उंचीवर चिखलदऱ्याचे पठार लागते. शेजारी गाविलगड. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे अहमदशहा बहमनीने १४२५ साली तो बांधला. लोकांच्या म्हणण्याप्रमाणे तो त्याआधीचा, गवळ्यांचा. नावात गवळी आहेतच. पुढे एलिचपूरच्या इमादशाहीत आणि अकबराच्या वऱ्हाड सुभ्यातही या गडाला मान होता. गडावरच्या राजवटी मोजण्याचे काम इथे नाही. इथे पाहायचे ते एवढेच की गडावर माणसे असतात तेव्हा अन्न खालून वर जाते किंवा डोंगरात मागितले जाते.

१८०३ च्या डिसेंबरात हे सर्वांत ठळकपणे घडले. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातला गाविलगड घेण्यास आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून आणि कर्नल स्टीव्हन्सन उत्तरेच्या बाजूने निघाले. स्टीव्हन्सनच्या तुकडीने स्वतः वाट पाडत सुमारे तीस मैल डोंगरातून तोफा आणि सामान ओढत नेले. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेणीसिंग मारला गेला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. युद्धाच्या पुस्तकांत तोफांचे वर्णन असते. वेलस्लीच्या पत्रांत मात्र तोफांइतकेच बैल आणि धान्य येते, आणि त्याबरोबर वणजाऱ्यांची नावे येतात. लमाण वणजारी बैलांच्या पाठीवर धान्य आणीत आणि ते सैन्याबरोबर चालणाऱ्या बाजारात विकले जाई. छावणीचा बाजार ही त्या काळची फिरती रांधवणहाटच म्हणावी : धान्य, मीठ, तंबाखू, दारू, फुटाणे, आणि शिपाई तळावर येईपर्यंत पेटलेल्या चुली. सैन्य गेले की तो बाजारही उठे. मागे राहिलेल्या डोंगरातल्या लोकांनी त्या दिवसांत काय खाल्ले, हे त्या पत्रांचा विषय नव्हते.

त्यानंतर वीस वर्षांनी, १८२३ साली, हैदराबाद कंटिंजंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने हे पठार ‘शोधले’. कोरकू आणि गवळी तिथे होतेच, तेव्हा शोध हा शब्द अवतरणचिन्हातच बरा. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला आणि चिखलदरा उन्हाळ्यातले आरोग्यस्थान झाले. साहेबाचे खाणे बंगल्यात होई. त्यासाठी खानसामा खालून येई, भाजीपाला आणि कॉफी वर लावली जाई. ती कॉफी टिकली. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे, हे वाक्य आज प्रत्येक पर्यटकाला ऐकवले जाते आणि त्यात अभिमानही असतो. माझी हरकत नाही, कॉफी चांगली असते. फक्त ती कोणासाठी लावली गेली, हे लक्षात असू द्यावे.

खव्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. मेळघाटातले गवळी जनावरे राखतात, दूध मुबलक. पण घाट लांब, रस्ते पावसाळ्यात बेभरवशाचे, आणि दूध काही तासांत नासणारे. तेव्हा ते तिथेच कढईत आटवावे लागते. किलोभर खव्याला साधारण पाच लिटर दूध आणि बरेच सरपण लागते, पण मग तो खवा परतवाड्याला आणि अमरावतीला सुखरूप पोहोचतो. चिखलदऱ्याची रबडी प्रवासी मिटक्या मारीत खातात ती या वाहतुकीच्या अडचणीतून झालेली आहे. दूध वरच राहिले असते, म्हणजे ते प्यायला तिथली मुले आणि विकायला तिथली पेठ असती, तर इतका खवा झाला नसता. डोंगराने आपले सत्त्व आटवून खाली पाठवायचे, ही रीत दुधापुरती नाही. मोहफुले, मध, सीताफळे, डिंक, बांबू, सागवान यांचीही तीच वाट.

आज पॉइंटवरच्या गाड्यांपाशी उभे राहिले की काय दिसते? निखाऱ्यावर भाजलेली मक्याची कणसे, शेंगा, चहा, कॉफी, भजी, रबडी, आणि पाटी लावलेला ‘चुलीवरचा’ झुणका-भाकर. चव वाईट नसते. धुक्यात हातात गरम कणीस घेऊन उभे राहण्याचे सुख मीही घेतले आहे आणि ते नाकारण्याचा दांभिकपणा करणार नाही. परंतु हे ज्यांचे डोंगर, त्या कोरकूंचे अन्न त्या गाडीवर नसते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा बोलणारे लोक. त्या कुळाचे भारतातले सर्वांत पश्चिमेचे टोक म्हणजे हीच भाषा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, गॅझेटियरांनी लिहिले. कुटकी, सावा, ज्वारी, मका, मोह, रानातले कंद, बांबूचे कोंब, पावसाळ्यातली अळिंबी असा त्यांचा आहार. आता शेतांत सोयाबीन पुष्कळ दिसते; कुटकीची जागा आकसली. सोयाबीन विकता येते, रांधून पोट भरता येत नाही. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरे झाले आणि शहरातल्या दुकानांत कुटकी सुबक पाकिटांत आली, हा त्यातला क्रूर विनोद.

क्रूर अशासाठी, की मेळघाट हे नाव मराठी वाचकाच्या मनात दोनच गोष्टींशी जोडलेले आहे. एक वाघ : १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते, आणि रानात चराई करण्यावर व वस्तू गोळा करण्यावर बंधने आली ती तेव्हापासून वाढत गेली. दुसरी भूक : १९९३ साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले, मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्या, आणि त्यानंतरच्या तीन दशकांत हा विषय न्यायालयापुढे पुनःपुन्हा येत राहिला. ज्या तालुक्यात मुलांचे वजन मोजणे हे सरकारी काम होऊन बसले, त्याच तालुक्यात कुठे खावे हा सहलीचा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न एकाच पठारावर उभे आहेत आणि एकमेकांना ओळख देत नाहीत.

या जिल्ह्यात तिसरीही एक परंपरा आहे, तिचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. डोंगराच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि महिनाभराहून अधिक चालते. तिथे लोक विकत खाण्यापेक्षा स्वतः रांधून खातात : गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि मातीच्या हंडीतले मटण. याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवापुढे जनावर मारण्याविरुद्ध आयुष्यभर कीर्तने केली. ते स्वतः भाकरीचा तुकडा गाडग्यात घेऊन खात आणि दुसऱ्यांसाठी सदावर्ते चालवीत. सरकारनेही या विचाराची आपल्या परीने नक्कल करून पाहिली आहे. १९९५ नंतरचे एक रुपयाचे झुणका-भाकर केंद्र आणि २०२० मधली दहा रुपयांची शिवभोजन थाळी ही त्याची उदाहरणे. असो.

हातगाडीवाल्यांना एका जागी, पाणी आणि छप्पर देऊन वसवावे, ही कल्पना आता सगळीकडे मांडली जाते. त्यासाठी सिंगापूरचा दाखला देतात. तिथे १९६८-६९ मध्ये फेरीवाल्यांची नोंदणी झाली, १९८६ पर्यंत बहुतेकांना रस्त्यावरून हलवून खाद्यकेंद्रांत आणले गेले, आणि २०२० मध्ये युनेस्कोने त्या संस्कृतीला वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात विक्री समितीवर विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत अशी तरतूद आहे. जेमतेम पाच हजार वस्तीच्या चिखलदरा नगर परिषदेला असे केंद्र उभारणे अवघड नाही. पण त्यातले गाळे कोणाच्या नावावर होतील, हा प्रश्न नळ आणि फरशीच्या आधी विचारला पाहिजे. सिंगापुरात खाणारा आणि रांधणारा एकाच शहरातले, पुष्कळदा एकाच इमारतीतले होते. म्हणून ती केंद्रे जगली.

खाणारा आणि रांधणारा एकाच मुलुखातले असावेत, ही अट मेळघाटात एका ठिकाणी अजून पुरी होते. ते ठिकाण म्हणजे आठवड्याचा हाट. काटकुंभ, चुरणी अशा गावांचे बाजार पाहावेत, आणि जमल्यास दिवाळीनंतरचे घुंगरू बाजार, ज्यांत ढोल आणि बासरीवर नाच चालतो. तिथे कोरकू, गोंड, गवळी हे गिऱ्हाईक असतात. पालाखाली कढई चढते, भजी आणि जिलेबी निघते, फुटाणे-मुरमुरे मापाने विकले जातात, आणि डोक्यावर मक्याचे किंवा मोहाचे गाठोडे घेऊन आलेली बाई ते विकून त्याच पैशांनी लेकराला जिलेबी घेते. पदार्थ चिखलदऱ्याच्या गाडीहून वेगळे नाहीत. भाव वेगळा आहे, आणि विक्रेत्याचे बोलणे वेगळे आहे. तो कोरकू समजतो, कारण समजल्यावाचून त्याचा धंदा होत नाही. ‘हाट’ हा शब्द ज्या अर्थाने महानुभावांनी वापरला त्याच्या सर्वांत जवळचे ठिकाण मला हे वाटते. रिद्धपूरच्या रांधवणहाटाला आज वंदनीय स्थानाचे रूप आले आहे. काटकुंभचा हाट अजून नुसता हाट आहे.

तिथे खायचे असेल तर दुपारी लवकर पोहोचावे. लांबच्या ढाण्यांवरून पायी आलेली माणसे अंधाराआधी घर गाठण्यासाठी उन्हे कलण्यापूर्वीच उठतात, आणि त्यांच्याबरोबर कढयाही उतरतात.