मोह, भट्टी आणि ब्रँडी : तीन शब्दांचा इतिहास

गेल्या वर्षी एका तासाला ग्रामीण कथा शिकवताना 'हातभट्टी' हा शब्द आला आणि वर्गात हशा पिकला. त्याच कथेत पुढे डॉक्टर रुग्णाला चमचाभर ब्रँडी द्यायला सांगतात. तिथे कोणीही हसले नाही. तास संपल्यावर जळगाव जामोदकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून येणारा एक विद्यार्थी रेंगाळला. म्हणाला, "सर, आमची आजी घरी मोहाची गाळायची. देवाला धार द्यायला, लग्नाला, मयतीला. ब्रँडी वेगळी असते का?" आम्ही 'हो, वेगळी असते' असे सांगून मोकळे झालो. उत्तर अर्धवट होते, हे स्टाफरूममध्ये पोहोचेपर्यंत लक्षात आले. प्रस्तुत टिपण म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती.

ब्रँडी म्हणजे काय? मूळ डच शब्दाचा अर्थ 'जाळलेले द्राक्षमद्य'. फळातील साखर आधी आंबवायची आणि मग त्या आंबवणाला अग्नी द्यायचा. मद्यार्क सुमारे 78 अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी 100 अंशांना. मद्यार्काची वाफ आधी आणि अधिक प्रमाणात वर येते, ती थंड केली की थेंब गळू लागतात. फ्रान्समधील द्राक्षाची ब्रँडी असो की मध्य युरोपातील घराघरांत होणारी आलुबुखाराची, कृती हीच. आपल्याकडेही ती नवी नाही. अकबराच्या काळातील 'आईन-इ-अकबरी'त उसाचे मद्य गाळण्याच्या पद्धती नोंदवल्या आहेत आणि दोनदा अग्नी दिलेल्या मद्याला 'दुआतशा' असे नाव आहे. मराठीने मात्र अग्नीऐवजी थेंबाकडे पाहिले. आपण दारू 'जाळत' नाही, 'गाळतो'. पाठ्यपुस्तकाने त्यासाठी 'ऊर्ध्वपातन' हा शब्द घडवला. पण तो प्रयोगशाळेबाहेर कधी पडला नाही.

आता मोहाकडे येऊ. बुलढाणा या नावाची एक प्रचलित व्युत्पत्ती 'भिलठाणा', म्हणजे भिल्लांचे ठाणे, अशी सांगितली जाते. ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकेल हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात, भिल्ल, भिलाला, कोरकू आणि निहाल यांची वस्ती आजही आहे. चैत्राच्या आसपास तिथे मोह फुलतो. त्याची मांसल, फिकट पिवळी फुले रात्रीतून आणि पहाटे गळतात. बायका-मुले अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. वाळवलेले मोहफूल हुबेहूब मनुक्यासारखे दिसते. साम्य केवळ दिसण्याचे नाही. साखरेने ओथंबलेले हे फूल स्वयंपाकघराच्या दृष्टीने जवळजवळ फळच आहे. ते भाजून तिळाबरोबर कुटतात, भाकरीच्या पिठात मिसळतात, टंचाईच्या दिवसांत त्यावर वेळ निभावतात. मोहाची दारू ही या अन्नव्यवहाराची एक शाखा आहे, त्याचे सर्वस्व नव्हे. संस्कृतातील 'मधूक' तो हाच, आणि 'गाथासप्तशती'तही त्याची फुले वेचली जातात. म्हणजे महाराष्ट्री प्राकृताच्या ज्या ग्रंथाचा आपण अभिमान बाळगतो, त्याच्या अंगणात हे झाड उभे आहे.

दारूसाठी वाळलेली फुले काही दिवस पाण्यात भिजत घालतात. ती हवेतल्या आणि फुलावरच्या सूक्ष्म किण्वांनी आपोआप आंबतात. मग चुलीवर मडके, वर थंड पाण्याचे भांडे, मध्ये थेंब झेलण्याची सोय. पहिली धार देवाला आणि पूर्वजांना. घरातील चूल आणि ही भट्टी यांच्यात अंतर असे ते एवढेच.

हे अंतर कायद्याने वाढवले. मुंबई इलाख्यात 1878च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून मद्यनिर्मिती मोजक्या मोठ्या केंद्रांत गोळा केली, म्हणजे कर वसूल करणे सोपे. तरीही लोक घरी गाळत राहिले, तेव्हा 1892मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला आणि थेट फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले गेले. दारूवर नव्हे, फुलावर! झाड दारात, पण त्याचे फूल घरात ठेवणे संशयास्पद. 1853पासून ब्रिटिशांच्या कारभाराखाली असलेले वऱ्हाड त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हते; परंतु मद्याकडे महसूल म्हणून पाहण्याची वृत्ती तिथेही तीच होती. स्वातंत्र्यानंतर 1949चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 1959मध्ये तो विदर्भालाही लागू झाला. वसाहतीच्या सरकारला घरची भट्टी महसूल बुडवणारी वाटत होती, नव्या सरकारला ती नीती बुडवणारी वाटली. हेतू उलटा, पण पोलिसाने फोडायचे मडके तेच. 'हातभट्टी' हा मूळचा कृतिवाचक शब्द गुन्हेवाचक झाला तो या प्रवासात.

पुढे बंदी शिथिल झाली आणि शब्दांचा आणखी एक खेळ झाला. साखर कारखान्यातील मळीपासून यंत्राने बनवलेले मद्य 'देशी' ठरले. गावात, गावच्या फुलापासून झालेले 'गावठी' राहिले. भारतात 'ब्रँडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांतही मुख्यतः मळीचाच मद्यार्क असतो, द्राक्षाचा अंश थोडा. म्हणजे फळाफुलाशी नाते हाच निकष लावला, तर आजीचे मडके त्या बाटलीपेक्षा ब्रँडीच्या अधिक जवळचे!

मध्यमवर्गीय मराठी घराने मद्य नाकारले असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. औषधाच्या फडताळात द्राक्षासव असते, त्यात आंबण्यातून आलेला मद्यार्क असतोच. लहान मुलाला सर्दी झाली की छातीला ब्रँडी चोळण्याची प्रथा आपल्यातील अनेकांनी पाहिली आहे. बाटली 'औषधाची' म्हटली की तिच्यावर सोवळे चढते. आमच्या वर्गातील त्या शांततेचे मूळ इथे असावे.

येथे एका धोक्याची जाणीव ठेवायला हवी. वसाहतवादावर टीका करता करता दारूचे उदात्तीकरण करणे सोपे आहे. 1880मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी शहरातील वाढत्या दारू दुकानांना विरोध केला, तो कष्टकऱ्यांचा संसार पाहून. 1919मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील शोकांतिका काल्पनिक असली तरी तिचा अनुभव घरोघरचा आहे. गडचिरोलीत 1993मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या, त्यातही आदिवासींच्या, मागणीवरून. 2015मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, हेही विसरता येत नाही. तिथे मारेकरी होते मिथेनॉल, आणि विधीची मोजकी धार व धंद्याची रोजची पिशवी यांत फरक करायला हवा हे खरे. तरी दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या बाईला हा फरक ऐकवायचा अधिकार आपल्याला नाही.

मात्र फरक करणे शक्य आहे, हे गोव्याने दाखवले. पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात मुंबईचा 1878चा कायदाही नव्हता आणि 1949ची दारूबंदीही. तिथे काजूच्या बोंडाचा रस आंबवून गाळण्याची घरगुती विद्या टिकली आणि 2009मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. मलबारातील एक कथाही इथे आठवते. 1883मध्ये तलश्शेरीच्या मंबल्ली बापू या बेकरीवाल्याने एका इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा फळांचा केक केला, आणि ब्रँडीऐवजी काजूबोंड व केळ्यांपासून झालेले स्थानिक मद्य त्यात घातले, असे तिथे सांगतात. गिऱ्हाईक खूश झाले. केकने मद्याची जात विचारली नाही.

आपल्याकडे 2022मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजू, मोहफुले अशा फळाफुलांपासून केलेल्या मद्याला 'देशी' वर्गातून काढून 'विदेशी मद्य' या वर्गात बसवण्याचा निर्णय घेतला. हेतू चांगला होता : या मद्याला दर्जा आणि बाजार मिळावा. पण शब्द पाहा. सातपुड्यातील मोहाला प्रतिष्ठा हवी असेल तर आधी त्याला विदेशी व्हावे लागते. आणि परवाना मिळेल तो कारखान्याला, चुलीला नव्हे.

पुढच्या तासाला आम्ही फळ्यावर तिन्ही शब्द एका ओळीत लिहिले : द्राक्षासव, ब्रँडी, मोहाची. खाली प्रश्न लिहिला : यांपैकी कोणता शब्द वस्तूचे वर्णन करतो आणि कोणता ती करणाऱ्या माणसाचे? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या विद्यार्थ्याने हात वर केला आणि आजी मडक्याचे तोंड कशाने लिंपायची, इथपासून सांगायला सुरुवात केली. या वेळी वर्गाने लिहून घेतले.